तारेच्या त्या टोकाचा दिगू

बेंबळीच्या स्टँडवर मी जीपवाल्याशी हुज्जत घालत उभा होतो. मागची शिटं काढ, गादी टाकायची आहे, असं माझं म्हणणं. आणि झोपवून न्यायचा पेशंट असेल तर ॲम्ब्युलन्स बोलवा, माझ्या गाडीत काही झालं तर माझ्या डोक्याला ताप नको, असं त्याचं. वैशाखातली दुपार, डांबराला पाय चिकटत होते. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सुलावहिनींचा, दिगंबरच्या बायकोचा होता. वहिनी आपण होऊन कधी कुणाला फोन लावत नाहीत, त्यांना लावून द्यावा लागतो. म्हणाल्या, "भावजी, गाडी नका आणू आता." मी विचारलं, "का? लाईट आली काय?" खरं सांगतो, आधी तेच आलं मनात. आनंदच झाला होता मला. पलीकडून रानातला वारा तेवढा फोनमध्ये फडफडत होता... आणि मग कळलं. जीपवाला अजून शिटांचंच काहीतरी बोलत होता.

दिगंबर माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याला दिगू म्हणणारे पुष्कळ होते, दिग्या म्हणणारा मी एकटाच उरलो होतो, आणि मला शब्बऱ्या म्हणणारा तो. जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही एकाच पट्टीवर बसलो, पुढं आयटीआयला एकाच एसटीनं धाराशिवला जात राहिलो. मी मोटार वायंडिंग शिकलो आणि बेंबळीतच दुकान टाकलं. तेव्हापासून जळालेल्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी भरायची, हेच करत आलोय. दिगू वायरमन झाला. त्याच्या हाताला सफाई होती. त्यानं केलेलं फिटिंग पाहून आमचे निदेशक बाकीच्यांना ओरडायचे. पण गावात वायरमनला काम ते किती! एका गुत्तेदारामार्फत त्याला विदर्भातल्या एका वीज केंद्रात जागा मिळाली तेव्हा गावभर झालं की दिगू वीज तयार करायला निघाला. माझी अम्मी तेवढी हळहळली. त्याच्या हातावर दही ठेवता ठेवता म्हणाली, "इत्ता दूर कायकू जाता रे बेटा? बिजली तो इधर भी आती."

तो तिथं पोचला आणि गुत्तेदाराच्या माणसानं त्याला कोळशाच्या यार्डात उभं केलं. टेस्टर आणि पक्कड पिशवीतच राहिली. वॅगनमधून कोळसा पडायचा, पट्ट्यावरून पुढं जायचा, आणि ह्या लोकांचं काम म्हणजे पट्टा अडू द्यायचा नाही. पावसाळ्यात कोळसा ओला झाला की नळकांड्यात चिकटून बसतो, मग पहार घेऊन तो खालून ढोसायचा, आणि सुटला की अंगावर घ्यायचा. उन्हाळ्यात तो कोरडा, मग त्याची भुकटी उडणार. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा मी त्याला म्हणालो, अरे, हे हमालाचं काम झालं, वायरमनचं काय झालं? तर म्हणाला, "आसं कसं? तारेच्या ह्या टोकाला तू हायस, त्या टोकाला म्या हाय. मदी नुसती तार." त्याच्या बोलण्यात खोच नसायची. त्याला ते खरंच वाटत होतं, आणि ऐकताना मलाही वाटलं.

गावानं मात्र त्याची भरपूर फिरकी घेतली. दिगू सुट्टीवर आला आणि लाईट गेली, आणि लाईट तर रोजच जायची, की पारावरून कुणीतरी ओरडणारच, "अरं दिगू हितं आलाय, तिकडं कोळसा कोण टाकतंय?" लग्नात लाईट गेली तरी त्याच्याकडं बघायचे. तोही हात जोडून म्हणायचा, "जातो उद्या, जातो." त्याच्या आईला तर ह्या कारखान्याचं भारी कोडं होतं. त्यानं तिला समजावलं की कोळसा जाळायचा, त्यावर पाणी उकळायचं, त्या वाफेनं चाक फिरतं आणि चाकातून वीज निघते. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी चूलच की रे! येवढी मोठी चूल, मग धूर कोण खातंय?" आम्ही सगळे हसलो. दिगू तर खोकला येईपर्यंत हसला.

दर दसऱ्याला तो घरी यायचाच. नवरात्रात आमच्या भागातली माणसं कुठंही असोत, तुळजापूरच्या वाटेला लागतात, त्यात तोही. येताना पिशवीत फडक्यात गुंडाळलेला एक दगडी कोळसा असायचा. खंडेनवमीला घरातली हत्यारं मांडली जातात. त्याच्या घरी विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि त्यांच्या शेजारी हा काळा धोंडा, हळदकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. त्याच्या वडलांना ते आवडायचं नाही, पण ज्यावर पोट चालतं ते हत्यार, ह्या मुद्द्यावर ते गप्प बसत. दसऱ्याच्या सकाळी मागच्या वर्षीचा कोळसा बंबात जायचा. त्या पाण्यानं घरातली सगळी आंघोळ करत. खंडेनवमीला मीही दुकानातल्या वायंडिंगच्या मशीनला हार घालतो, दुकान टाकल्यापासून घालतोय, आणि मग दिगूकडं पुरणपोळी खायला जातो. वहिनी वाढता वाढता त्या कोळशाकडं बघून म्हणायच्या, "येका धोंड्यापायी सगळी पोतेरी काळी व्हत्यात." सुट्टीत त्याचे कपडे धुवून त्यांचे हात रंगत, आणि धुतल्यावरही सदऱ्याच्या शिवणीत काळी रेघ राहायचीच.

येताना कोळसा आणि जाताना गूळ. आमच्याकडं उसाची गुऱ्हाळं आहेत, त्यातल्या ओळखीच्या गुऱ्हाळावरून तो एक ढेप उचलायचा आणि पोत्यात बांधून रेल्वेनं न्यायचा. कशाला, ते मला एकदा तिकडं गेलो तेव्हा दिसलं. दोन दिवस त्याच्या खोलीवर राहिलो होतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडकीच्या गजावर, पाण्याच्या माठावर, सगळीकडं तीच भुकटी. कोळशाचे डोंगर बघितले. नुसता पडून राहिला तरी हा कोळसा आतून तापतो आणि पेटतो, म्हणून त्याच्यावर पाणी मारत राहावं लागतं, हे मला तिथं कळलं. पाळी सुटली की त्याची टोळी नळावर तोंड धुवायला जमायची. धुतलेल्या चेहऱ्यात डोळ्यांच्या कडा तेवढ्या काळ्या राहायच्या, काजळ घातल्यासारख्या. मग दिगू फडकं सोडून ढेप फोडायचा आणि एकेकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. कोळशात काम करणाऱ्यानं गूळ खायचा, म्हणजे घसा साफ होतो, आत गेलेला कोळसा गुळाला चिकटून खाली उतरतो आणि निघून जातो, अशी तिथली सगळ्यांची समजूत. गुत्तेदारही कधीमधी गूळ वाटायचा, पण तो पांढराफटक, नासका. दिगूचा काळपट, खुटखुटीत. दुलारी नावाचा एक बिहारी होता टोळीत, तो मिटक्या मारत मला म्हणाला, "भैया, ई गुड़ नहीं, दवाई है." दिगूची छाती त्या दिवशी केवढी फुगली होती! तोंडाला लावायला पट्ट्या दिलेल्या होत्या, खुंटीला लटकत होत्या. मी विचारलं तर म्हणाला, "उकडतंय लई त्येच्यात. दम कोंडतो. गूळ हाय की."

तो कायमचा परत आला तो खोकला घेऊनच. आल्या आल्या शेतात राबायची त्याला हौस होती. पोरगा महेश शेती बघत होता, त्याला हा म्हणायचा, आता बघ मी बांधावर लिंबं कशी लावतो. चार खड्डे खणले आणि पाचव्याला खाली बसला. आधी तंबाखूवर संशय घेतला गेला, तर हा पठ्ठ्या सुपारीही खात नव्हता. मग टीबीची औषधं झाली. ती संपली तरी दम तसाच. दुकानापासून पारापर्यंत यायला मध्ये दोनदा थांबायचा आणि थांबला की कुठली तरी पाटी वाचत असल्यासारखं करायचा. शेवटी मी आणि महेश त्याला धाराशिवला छातीच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "काका, कुठं कामाला होता?"

"विजेच्या कारखान्यात."

"तिथं काय करत होता?"

"कोळसा ढकलत हुतो."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. आता हे बरं होणारं नाही, वाढू नये एवढंच बघायचं, असं काहीसं ते बोलत राहिले. दिगू ऐकत होता. मग एकदम म्हणाला, "पन सायेब, म्या गूळ लई खाल्लाय. सगळी हयातभर. गुळानं जात न्हाय व्हय त्ये?" मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "काका, गूळ पोटात जातो. फुप्फुसात नाही जात."

एसटीत तो खिडकीशी बसला होता. निम्मा रस्ता झाल्यावर माझ्याकडं न बघताच म्हणाला, "शब्बऱ्या, गूळ पोटात जातोय... येवढी साधी गोष्ट रं." आम्ही दोघंही आयटीआय झालेलो, हवेचा पंप आणि पाण्याचा पंप वेगळा असतो हे आम्हाला परीक्षेत विचारायचे. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो कसनुसा हसला आणि परत बाहेर बघायला लागला.

त्याला स्वतःचं दुःख फार नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्याला टोळी खात होती. एक दिवस दुकानात स्टुलावर बसून म्हणाला, "गुत्तेदाराच्या गुळाला कोन इचारत न्हवतं. माझ्या गुळाच्या भरवशावर त्येंनी तोंडाला फडकं बांदायचं सोडलं." मी म्हणालो, वेड्यासारखं बोलू नको, ती समजूत काय तू काढलीस? तर म्हणाला, "काढली न्हाय. पन वाटला कुनी?" मग त्यानं मला फोन लावायला लावले. जुने नंबर, बरेच लागत नव्हते. दुलारीचा लागला, तो त्याच्या मुलानं उचलला. दुलारी आदल्या वर्षीच गेला होता, असाच खोकून. दिगूनं फोन माझ्या हातात दिला. मी हिंदीत काय चार शब्द बोलायचे ते बोललो. फोन ठेवला तर हा म्हणतो, "सगळ्यात जास्त त्योच खायाचा." मला त्या वेळी राग आला होता, दिगूचा नव्हे, कुणाचा ते सांगता येणार नाही. समोर एक जळालेली मोटार होती, तिची तार मी एवढ्या जोरात ओढली की बोट कापलं.

त्यानंतर ऑक्सिजनचं मशीन आलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ते खोलीतलीच हवा ओढून घेतं, तीतला ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडतं. वीज असेल तर चालतं, गेली की मोठ्यानं शिट्टी मारतं आणि बंद. दिगूला ते लावलं तेव्हा त्याच्या ओठांवर रंग आला, जेवण वाढलं, बोलणं वाढलं. मशीनकडं बोट करून म्हणाला, "आता माझी हवा तारेतनं येती बघ." आणि थोडा वेळ थांबून, कारण एका वाक्यानंतर त्याला थांबावंच लागायचं, म्हणाला, "म्या तिकडं ढकलायचो तवा हितं तुझा पंखा फिरायचा. आता तिकडं कुनी तरी ढकलतंय, तवा म्या दम घेतोय. कोन आसंल रं त्यो?" अजूनही रोज सकाळी दुकानात बटण दाबताना तो मला आठवतो, तो कोण असेल तो.

गावातलं त्यांचं घर अगदी रस्त्याला लागून, शेजारी पिठाची गिरणी, समोर हॉटेल. उसाचा ट्रॅक्टर गेला की घरात धुळीचा थर बसायचा. गिरणी सुरू झाली की दिगूला खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुळीधुरापासून लांब, मोकळ्या हवेत ठेवा. त्यावर घरात एकच विचार निघाला आणि तो कुणाच्याही घरात निघाला असता. महेशनं रानात विहिरीजवळ दोन खोल्या पत्र्याच्या काढल्या, गवंड्याच्या हाताखाली स्वतः राबला, दारापुढं सावली केली. होळी झाल्यावर दिगूला तिकडं नेलं. खरोखर हवा सुरेख होती. लिंबाचा वास यायचा. वहिनींचा जीव भांड्यात पडला. पण आम्हा खेड्यातल्या माणसांना कुणी आजारी पडलं की हवा आठवते, तार आठवत नाही. गावठाणाची लाईट वेगळी आणि रानातली वेगळी. गावात ती जाऊन येऊन असते. रानात ती मोटारींसाठी येते, ठरलेल्या तासांपुरती, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. बाकीचा वेळ तार नुसती लोंबकळत असते. हे महेशलाही माहीत होतं, मलाही होतं, दिगूला तर सगळ्यात जास्त माहीत होतं. इन्व्हर्टर बसवू, असं ठरलं, आणि तो मी माझ्या हातानं बसवला. चांगल्यातली चांगली बॅटरी घातली. पण बॅटरी भरायलाही लाईटच लागते, आणि ते मशीन बॅटरी घटाघटा पितं. दिगू म्हणाला, "गावात हवा न्हाय, रानात लाईट न्हाय. राहावं कुठं मान्सानं?" म्हणाला, आणि हसला. हसला म्हणून आम्हीही हसलो.

रानातल्या घरात दारावर एक बल्ब असतो आणि त्याचं बटण कुणी बंद करत नाही, लाईट आलेली कळावी म्हणून. दिगूची बाज त्या बल्बासमोर होती. दिवसभर त्याचे डोळे तिथं. बल्ब पेटला की तो म्हणायचा, "आली." एवढा एकच शब्द. की वहिनी हातातलं टाकून येणार, इन्व्हर्टरवरून मशीन काढून लाईनवर लावणार. मी असलो तर मी उठायचो. शेजारच्या फळीवर शेवटचा दगडी कोळसा ठेवलेला होता, ज्या दसऱ्याला तो कायमचा परत आला त्या दसऱ्याचा. पुढं नवा आला नाही म्हणून तो बंबात गेला नाही, दर खंडेनवमीला तोच पूजेला लागला. कुंकू त्याच्या खाचांमध्ये बसलं होतं.

उन्हाळा चढला तशी खरी पंचाईत सुरू झाली. त्या भागातल्या सगळ्या मोटारी एकाच डीपीवर आहेत. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. लाईट येते त्या क्षणी सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात, कारण प्रत्येकानं ऑटो बसवलाय, लाईट आली की मोटार आपोआप चालू. सगळ्यांनी एकदम ओढलं की डीपी तापतो. तापून तापून एक दिवस जळतो. असले जळालेले डीपी आणि मोटारी ह्यांच्यावरच माझं घर चाललंय, त्यामुळं मला कुणी शिकवायला नको. दिगूनं बाजेवर बसून शेजारच्या शेतकऱ्यांना बोलावून घेतलं आणि हात जोडले. म्हणाला, "ऑटो काढा, पाळ्या लावा. म्या जास्त दिस मागत न्हाय." कुणी आढेवेढे घेतले नाहीत. सगळ्यांनी ऑटो काढले, पाळ्या ठरल्या, आज तू, उद्या मी. महिनाभर माणसं हातात टॉर्च घेऊन विहिरीवर जाऊन हातानं मोटारी चालू करत होती, एका दिगूसाठी. मला हे लिहून ठेवायचं आहे, कारण आता जो तो त्यांनाच बोल लावतोय.

पण विहिरी तळाला गेल्या. ऊस माना टाकायला लागला. आपली पाळी येईपर्यंत लाईट जाते म्हटल्यावर एकानं गुपचूप ऑटो बसवला. त्याचा ऊस हिरवा दिसला म्हणून दुसऱ्यानं बसवला. कुणाला दोष देऊ? त्यांच्या रानातलं पीक वाळत होतं, आणि दिगू तर तेव्हा बरा दिसत होता, बोलत होता. त्या दिवशी सकाळी लाईट आली, दिगू म्हणाला, "आली," वहिनी उठल्या, आणि मशीनला हात लावायच्या आत बांधाकडून मोठा आवाज झाला. बल्ब विझला. डीपीतून तेल गळत होतं. दिगू एवढंच म्हणाला, "गेला." लाईट गेली असं तो म्हणाला नाही. आवाजावरून त्याला कळलं होतं काय झालंय ते. नवीन डीपी यायला किती दिवस लागतात हेही त्याला माहीत होतं.

महेश ऑक्सिजनचं सिलिंडर भरून आणायला धाराशिवला पळाला. वहिनींनी मला फोन लावून घेतला, मी दुकान तसंच उघडं टाकून गाडी बघायला स्टँडवर आलो; गावात आणून गिरणी बंद करायला लावायची, रस्त्यावर पाणी मारायचं, काहीही करायचं पण तारेजवळ आणायचं, असं डोक्यात होतं. इन्व्हर्टर आदल्या रात्रीच निम्मा संपला होता. शेवटी मशीननं शिट्टी मारायला सुरुवात केली तेव्हा दिगूनंच हातानं खूण करून ते बंद करायला लावलं म्हणे. आवाज नको म्हणाला. वहिनी पदरानं वारा घालत होत्या. लिंबाखालची ती सुरेख हवा सगळीकडं भरून होती... आणि त्याला त्यातली काही मिळत नव्हती. महेश परत आला तेव्हा दारात माणसं जमलेली होती. त्यानं भरलेलं सिलिंडर मोटारसायकलवरून सोडलं, भिंतीला टेकवून उभं केलं, आणि मगच तो रडला.

माती झाल्यावर लोक मला म्हणाले, सुटला बिचारा. पण मला ते पटत नाही. सुटायचं होतं म्हणून तो बल्बाकडं बघत बसत नव्हता. त्याला जगायचं होतं, आणि त्याला जे हवं होतं ते फार मोठं नव्हतं. गावातल्या प्रत्येक घरात ज्यावर टीव्ही चालतो, ते त्याला हवं होतं. ते तयार व्हावं म्हणून ज्यानं आपली छाती काळी करून घेतली, त्यालाच ते पोचलं नाही. ह्यावर मी रात्रंदिवस विचार केला. ह्यातून काही चांगलं निघतंय असं मला दिसत नाही. उगाच दिसतंय असं लिहिणार नाही.

परवा वहिनींना भेटायला रानात गेलो. मशीन सध्या माझ्या दुकानात आहे, महेशनं तपासायला आणून दिलंय. मी लावून बघितलं, उत्तम चालतंय, त्याला काहीच झालेलं नाही. वहिनी अजून रानातच राहतात. गाव नको म्हणतात. बाज उभी करून भिंतीला लावली आहे. फळीवर तो कोळसा तसाच, कुंकवासकट. नवा डीपी बसलाय. आम्ही दोघं बोलत बसलो, महेशच्या पोरीच्या शाळेचं, लिंबाला आलेल्या फुलांचं, असंच. आणि बोलता बोलता भर दुपारी दारावरचा बल्ब पेटला.

"आली," वहिनी म्हणाल्या.

मी उठलो. सवयीनं उठलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, बटणाला हात घातला, आणि खाली बघतो तर जमिनीवर मशीनच्या जागेचा नुसता चौकोन, बाकीच्या जमिनीपेक्षा स्वच्छ. तसाच मागं फिरून बसलो. वहिनींनी पाहिलं होतं. त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, दुसऱ्या हातावर गुळाचा खडा. आमच्याकडं उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी देतात, त्यात काही विशेष नाही.

"घ्या भावजी," त्या म्हणाल्या, "धुळीतनं आलाव. घसा साफ व्हतो."

मी तो खडा हातात धरून बसलो. बाहेर चहूबाजूंनी सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या होत्या.